आवळलेला ब्रेक

“मी आवळलेलं तुम्ही दर खेपेला सैल का करता, उस्ताद?”

केरबानं विचारलं, तेव्हा बाबालाल उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“सांगा की. चार माणसांत माझी शोभा होते. मी चाक बांधून उठतो आणि तुम्ही खाली बसता. पुन्हा तोच स्क्रूड्रायव्हर, पुन्हा टक, टक, टक. सगळं मागं.”

“चहा घे.”

“नको मला चहा.”

“मग निवू दे.”

हेदवणीच्या घाटमाथ्यावर, जिथून रस्ता कोकणात उतरायला लागतो तिथं, डाव्या हाताला पिराचा दर्गा होता आणि दर्ग्याच्या भिंतीला टेकून उस्तादांचं गॅरेज. उस्ताद दर्ग्याचे मुजावर. सकाळी पिरापुढं ऊद घालायचा आणि त्याच हातांनी दिवसभर गाड्यांखाली शिरायचं. घाट उतरणारे ड्रायव्हर आधी पिराला हात जोडत, मग उस्तादांना ब्रेक दाखवत. कुणी उलट क्रमानं केलं तरी उस्तादांची हरकत नसे.

गॅरेजचा नियम एकच होता. ज्यानं ब्रेक बांधला, त्यानं पहिल्या उताराला त्या गाडीत बसायचं. पायथ्याशी उतरायचं आणि मिळेल त्या गाडीनं वर यायचं. नियम भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

केरबा उस्तादांच्या हाताखालीच मोठा झाला होता. इंजिन उतरवावं तर त्यानंच, गिअरचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगावं तर त्यानंच. ब्रेकवरचा शेवटचा हात मात्र उस्तादांचा असे, आणि म्हणून उताराला बसायचे तेही उस्तादच.

केरबाला ते एका परीनं बरंच होतं. थोरला भाऊ संपत दुधाच्या टेम्पोसकट याच घाटात दरीत कोसळून गेला, तेव्हापासून केरबा एकदाही खाली उतरला नव्हता.

“आज चारी चाकं मी बांधणार,” केरबा म्हणाला. “शेवटचा हातसुद्धा माझाच. तुम्ही बोट लावायचं न्हाई.”

“आणि उताराला?”

केरबा थांबला. समोर रस्ता वळून दिसेनासा होत होता. तिकडं त्यानं पाहिलं नाही.

“मीच बसेन.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“बरं.”

गाडी लुसीबाई लोबोंची होती. परदेशी बनावटीची जुनी व्हॅन, पुढं गोल तोंड, इंजिन मागं. आत निजायला फळी, भांड्यांचं कपाट, पाण्याचा डबा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. लुसीबाई नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून या गाडीतच राहून मुलूख फिरत होत्या. आता त्या वेंगुर्ल्याला घरी निघाल्या होत्या. घाट तोंडावर आला, पेडल दाबलं, तर ते निम्म्याहून जास्त खाली गेलं. शहाण्या बाईसारख्या त्या पिरापाशीच थांबल्या.

त्यांनी स्टोव्ह बाहेर काढून दर्ग्याच्या ओट्याजवळ मांडला होता.

“ओ मेस्त्री, तुमचं भांडण मिटलं की हाक मारा हां. मी तोवर भात टाकते.”

“भांडण न्हाई हो, बाई,” उस्ताद म्हणाले. “पोरगा मोठा झालाय.”

केरबानं गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, ब्रेकचे ड्रम उतरवले. ड्रमच्या आत दोन शू असतात. पेडल दाबलं की ते फाकतात, ड्रमला आतून चिकटतात आणि चाक थांबतं. शू झिजले की ड्रमपासून लांब राहतात. त्यांना जवळ आणायला दातेरी अ‍ॅडजस्टर असतो. एकेक दात फिरवला की शू केसभर पुढं सरकतो.

या गाडीचे अ‍ॅडजस्टर गंजून जाम झाले होते. मागच्या कुणा कारागिरानं ते सोडवायचा कंटाळा केला होता आणि नुसती हँडब्रेकची तार ओढून वेळ मारून नेली होती.

केरबानं कंटाळा केला नाही. डावं-उजवं मिसळू नये म्हणून प्रत्येकावर खडूनं खूण केली. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशानं घासून आटे उजळवले, बोटानं ग्रीस भरलं. उस्ताद लांबून बघत होते. या कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

मग त्यानं ड्रम चढवले, चाकं लावली आणि अ‍ॅडजस्टर आवळायला घेतले.

उस्तादांची रीत साधी होती. चाक जाम होईपर्यंत आवळायचं. मग सोडत यायचं, चाक हातानं मोकळं फिरेल आणि आत कुठंतरी हलकं घासल्याचा आवाज येईल इतकं. केरबाला ही रीत तोंडपाठ होती. पण सोडायची वेळ आली की त्याचा हात अडे. आजही अडला. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर चाक फिरलं आणि त्याला वाटलं, पुष्कळ सोडलं.

तेवढ्यात पाण्याला थांबलेला इब्रू जीपवाला डोकावून गेला.

“केरबाचं काम काय? मग बाई, गाडी ढकलायला दोन माणसं बघून ठेवा! हा गडी ब्रेक लावत न्हाई, खुंटा ठोकतो.”

“तुझी जीप कधी दरीत गेली का?” केरबा म्हणाला.

“दरीत कशी जाईल? आधी हलली तर पाहिजे!”

इब्रू हसत निघून गेला. केरबा हसला नाही.

“बाई, पेडल दाबून बघा.”

लुसीबाईंनी आत बसून दाबलं. “बाप रे! दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय.”

केरबानं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद उठले आणि चपला घालू लागले.

“माळावरनं एक फेरी मारू. तू चालव. एक कर, ब्रेकला पाय लावायचा न्हाई. वेग कमी करायचा तो गिअर पाडून.”

माळाचा रस्ता सपाट होता. गुरांच्या तळ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. गाडी जड चालत होती. केरबाला ते कळत होतं; पण तो बोलला नाही आणि उस्तादांनीही विचारलं नाही. गॅरेजसमोर थोडा चढ होता, तिथं गाडी आपोआप थांबली.

उस्ताद उतरले. माठातून तांब्याभर पाणी आणलं.

“ब्रेक किती वेळा दाबलास?”

“एकदासुद्धा न्हाई. तुम्हीच सांगितलं होतं.”

उस्तादांनी बोटं पाण्यात बुडवून चाकाच्या फटीतून ड्रमवर चार थेंब शिंपडले.

चर्र…

दुसऱ्या चाकापाशी गेले. चर्र… तिसऱ्या. चौथ्या.

“अरे देवा,” लुसीबाई ओट्यावरून म्हणाल्या. “मी भात करपला म्हणून दोनदा झाकण काढून बघितलं. वास गाडीचाच की!”

“न दाबता तापला,” उस्ताद म्हणाले. “कशानं?”

केरबा म्हणाला, “तापू दे तापला तर. थांबतो तर खरा.”

“इथं थांबतो. घाटात चार वळणं उतरलास की ड्रम आणखी तापणार, फुगणार. शूवरचं लायनर जळणार. मग पेडल कितीही दाब… पायाखाली काही लागायचं न्हाई.”

“पुस्तकातलं नका सांगू, उस्ताद. सैल ब्रेकनं काय होतं ते माझ्या घरात झालंय. सैल ब्रेकनं माझा भाऊ गेला.”

हे वाक्य तो अनेकदा बोलला होता. बोलला की समोरचा माणूस मान खाली घालत असे आणि विषय संपत असे.

उस्तादांनी मान खाली घातली नाही.

“सैल होते, हे कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? ब्रेक लागला न्हाई म्हणून तर गाडी गेली. घट्ट असता तर लागला असता.”

उस्ताद ओट्यावर बसले. तांब्या शेजारी ठेवला.

“टेम्पो वर काढायला मी होतो. तू नव्हतास. तू आईपाशी होतास, तिथंच तुझी जागा होती… चारी चाकं मी माझ्या हातानं उघडली.”

केरबा बघत राहिला.

“ड्रम निळे पडले होते.”

वाऱ्यानं दर्ग्यावरचा हिरवा कपडा हलला. गाडीचं लोखंड निवताना टिक टिक करत होतं.

निळं म्हणजे काय, हे केरबाला कुणी समजावून सांगायला नको होतं. लोखंड भट्टीत तापावं तसं तापलं की निळं पडतं. सैल ब्रेक असा तापत नाही. सैल ब्रेक ड्रमला शिवतच नाही.

“म्हणजे…”

“दुसऱ्या कुठल्या गॅरेजात कुणीतरी आवळून दिले होते. घाट उतरायचाय म्हणून जरा जास्तच. काळजीनं.”

“इतकी वर्षं बोलला न्हाईत, उस्ताद.”

“तू सांगत होतास. मी ऐकत होतो.”

केरबा तांब्या घेऊन गाडीकडं गेला आणि चाकापाशी उकिडवा बसला. त्यानं तो ड्रमवर कलता केला तेव्हा मात्र उस्ताद मागून बोलले, “ओतू नको. तडकेल. आपलं आपण निवू दे.”

म्हणून मग जेवणं झाली. भात आणि सुक्या बांगड्याचं तिखलं. केरबा घास नुसता फिरवत होता.

“पेशंटसारखं चिवडू नको,” लुसीबाई म्हणाल्या. “बाकी ऐकणार नसशील तर नको ऐकू, पण जेव. मी पुष्कळ माणसं बघितलीत. उपाशी माणसाला काही सुचत नाही.”

त्यांनी त्याला काही विचारलं नाही. आणखी एक वाढणी वाढली. केरबानं ती संपवली.

ड्रमला हात लावता येऊ लागला तेव्हा केरबानं पुन्हा जॅक लावला. मागल्या चाकापाशी बसला. छिद्रातून स्क्रूड्रायव्हर आत घातला. एक दात मागं. टक.

आणखी एक. टक.

मग हात थांबला. कपाळावर घाम आला होता. ऊन तर दर्ग्यापलीकडं सरकलं होतं.

“उस्ताद, तुम्ही एकदा येऊन बघता का?”

उस्ताद पिरापुढचं झाडत होते. “बोट लावायचं न्हाई, असं ठरलंय.”

“बोट नका लावू. नुसतं बघा.”

“बंद ड्रममध्ये मला काय दिसणार, केरबा? चाक फिरव आणि ऐक.”

केरबानं चाक फिरवलं. ते अडखळत फिरलं आणि थांबलं. त्यानं आणखी एक दात सोडला. पुन्हा फिरवलं. आणखी एक.

आता चाक हाताबाहेर फिरू लागलं. केरबाचा हात आपसूक टायरवर गेला, त्याला धरायला. टायरला टेकायच्या आत त्यानं तो मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

चाक फिरत राहिलं. आत कुठंतरी, एका जागी, शू ड्रमला हलका घासत होता. सर्र… सर्र… प्रत्येक फेऱ्याला तिथंच. मग फेरे मंदावले, आवाज लांबला आणि चाक आपलं आपण थांबलं.

स्वतः बांधलेलं चाक आपलं आपण थांबेपर्यंत केरबा आजवर कधी बसून राहिला नव्हता.

चारी चाकांना तेच केलं. पेडल पुन्हा पुन्हा दाबून शू जाग्यावर बसवले, परत चाकं फिरवून ऐकली. लुसीबाईंना शेजारी बसवून गाडी माळावर नेली. सपाटीला वेग दिला आणि एकदाच, मनापासून, ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. आतल्या कपाटातली भांडी मात्र सगळी पुढं आली.

“माझे कप गेले ना रे, मेस्त्री!” लुसीबाई म्हणाल्या. “पण थांबली बाई. सुरेख थांबली.”

परत आल्यावर उस्तादांनी ड्रमवर पाणी शिंपडलं नाही. केरबानंच तळवा टेकवून पाहिला. ड्रम कोमट होता.

लुसीबाईंनी स्टोव्ह आत घेतला, पडदे बांधले, पिराला हात जोडले, मग कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि स्टिअरिंगवर बसल्या.

“चल मग. अंधाराच्या आत खाली पोचू.”

केरबा उभाच होता. हात पुसून झाले होते, तरी तो पुसत होता. नियम त्यालाही ठाऊक होता, उस्तादांनाही. कुणी तो बोलून दाखवला नाही.

“कुठल्या वळणावर?” लुसीबाईंनी हळूच उस्तादांना विचारलं. त्यांनी ओट्यावर बसून सगळं ऐकलं होतं.

“पाचव्या. चिंच आहे तिथं.”

“तिथं थांबवू का?”

उस्तादांनी केरबाकडं पाहिलं.

“नको,” केरबा म्हणाला. “बाकीच्या वळणांसारखीच घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये.”

तो लुसीबाईंच्या शेजारी चढून बसला. दार ओढून घेतलं. ते पहिल्या खेपेला लागलं नाही, दुसऱ्या खेपेला लागलं. मागं इंजिन खोकलं आणि सुरू झालं. खिडकीचे पडदे थरथरू लागले.

उस्ताद चालत दाराशी आले. आत वाकून पाहिलं.

केरबा ताठ बसला होता. नजर समोर, रस्ता जिथं खाली दिसेनासा होतो तिथं. दोन्ही हात गुडघ्यांवर. उजव्या पायाचा तळवा त्यानं समोरच्या पत्र्यावर इतका जोरानं दाबून धरला होता की गुडघा कापत होता.

गाडी अजून जागची हलली नव्हती.

“केरबा…”

“जी, उस्ताद.”

“पाय उचल. तुझ्या बाजूला ब्रेक न्हाई.”