डोंगरावरचा ओला डाग

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध चित्रकार राहत होता. त्याची सारी चित्रे पाण्याच्या रंगांतली. त्या काळी गावाला या रंगांचे भारी वेड लागले होते. साडीचा पदर असो की दिवाणखान्याचा पडदा, जो तो म्हणे, रंग कसे पाण्यात विरघळल्यासारखे हवेत. भडक नको, ठसठशीत रेघ नको. बघितले की डोळे निवाले पाहिजेत.

म्हाताऱ्याचा हात आता कापू लागला होता. म्हणून येणारे काम तो आपल्या शिष्येकडे वळवू पाहत होता. शिष्या म्हणजे एक तरुण विधवा, पदरी रांगती लेक. हातात कसब होते, पण जीव सदा टांगणीला. पोर शिंकली तरी ही वैद्याकडे धावायची. त्यात मागच्या आठवड्यात भाऊ येऊन सांगून गेला होता, "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? एकतर काम मिळव, नाहीतर दिवाळीनंतर गावी चल. वहिनीच्या हाताखाली राहा, दोघींना दोन घास मिळतील." ते घास कसे वाढले जातात हे तिला पक्के ठाऊक होते.

आणि काम चालून आले. गावातल्या एका शेठजींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भीतीने तिला झोप लागत नव्हती. शेठजींनी तिच्या खोलीत मोठमोठी तैलचित्रे लावली, तर ती म्हणाली, "अप्पा, काढा ती. सगळी माझ्याकडंच टक लावून बघतात." तेव्हा शेठजी चित्रकाराकडे आले. "पाण्याच्या रंगातलं काहीतरी द्या," म्हणाले, "जे बघून माझ्या पोरीचा जीव शांत होईल."

शिष्येने नदी, पलीकडचा डोंगर आणि पहाटेचे आभाळ असे चित्र योजले. पण जीव शांत करणारे चित्र काढायचे कुणी, तर जिचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नाही तिने! रंग जरा पसरला की ही फडक्याने टिपायला धावे. टिपलेले फिके दिसले की वरून पुन्हा रंग. तो वाहू लागला की पुन्हा फडके. शेवटी कागदाला लव सुटे आणि आभाळाचे पार डबके होऊन जाई. असे करता करता सारे चांगले कागद संपले. एकच उरला. आणि नेमका त्याच सकाळी निरोप आला की शेठजी दुपारी लेकीला घेऊन स्वतः येत आहेत.

म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसून तिने तो शेवटचा कागद ओला केला, देवाचे नाव घेतले आणि पिवळा रंग सोडला. मग डोंगर. मग आभाळाचा निळा. सगळे मनासारखे उतरत होते. एवढ्यात घाईने उचललेल्या कुंचल्यातून निळ्या पाण्याचा टपोरा थेंब डोंगरावर पडला आणि अर्धवट सुकलेल्या रंगात फुलकोबीसारखा पसरू लागला.

"मेले!" म्हणत तिने फडके उचलले.

तोच शेजारी बसलेला म्हातारा उठला. आत गेला. गाढ झोपलेल्या पोरीला त्याने चक्क हलवून जागे केले आणि रडतीला आणून आईच्या मांडीवर ठेवले.

"बाबा! झोपलेलं लेकरू उठवता? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आता तिला निजव," म्हातारा म्हणाला. "आणि खाली ठेवू नकोस. ठेवलीस तर रांगत थेट चित्रावरच जाईल."

ते खरेच होते. तिने एक हात पोरीच्या मानेखाली घातला, दुसऱ्याने ती पाठ थोपटू लागली. पण डोळे सगळे त्या डागावर. डाग पसरत होता. त्याची कड डोंगराच्या माथ्यापर्यंत सरकली, तिथून आभाळात शिरली.

"बाबा, पाया पडते, तेवढं टिपा हो फडक्यानं."

म्हातारा ओसरीच्या कडेला डाळ निवडत बसला होता. "मला कुठं दिसतंय नीट या वयात?"

"डाळीतला खडा बरा दिसतो!"

"खडा दाताला लागतो, बाई. तुझा डाग कुणाच्या दाताला लागणार आहे?"

तिला रडू फुटले. पोर मात्र पेंगली, झोपली आणि आईचा हात तिच्या अंगाखाली अडकला. हलावे तर पोर उठणार. न हलावे तर चित्र जाणार, चित्राबरोबर काम जाणार, आणि मग वहिनीची चूल. ती नुसती बघत राहिली. दुसरे करणार काय?

ऊन ओसरीवर आले. कागद वाळत चालला. ओला असताना गडद निळा दिसणारा तो डाग हळूहळू फिका झाला, मऊ झाला. डोंगराच्या माथ्यावर जणू धुके उतरले होते. तिने आजवर काढलेल्या कुठल्याही धुक्यापेक्षा ते खरे होते.

म्हाताऱ्याने सुपातली डाळ बाजूला ठेवली आणि पोरीला आपल्या मांडीवर घेतले.

"तुझे हात मोकळे असले की मनातली भीती थेट हातात उतरते," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून ते गुंतवले. आधीचे कागद पाण्यानं नाही नासले, तुझ्या पुसण्यानं नासले. या कामात अर्धं चित्र आपण काढतो, अर्धं पाणी काढतं. पाण्याची पाळी असली की आपण बसून राहायचं, हेच सगळ्यात अवघड. लोक या रंगांवर एवढा जीव का टाकतात? दिवसभर त्यांना सगळं घट्ट धरून ठेवावं लागतं. इथं कुणीतरी काहीतरी सोडून दिलेलं दिसतं. तेवढ्यानं त्यांचाही जीव खाली बसतो."

तिने ऐकले. पण ऐकणे निराळे आणि अंगी उतरणे निराळे.

थोड्या वेळाने शेठजी आले. मागून जडावल्या पावलांनी त्यांची लेक. शेठजींनी चित्र निरखले. "झकास! पण हे डोंगरावर काय सांडलंय? एवढं पुसून द्या बाई, म्हणजे झालं."

कुंचला शेजारीच होता. फडकेही होते. आता तिचे हात मोकळे होते. तिने म्हाताऱ्याकडे पाहिले, तर तो पोरीच्या अंगावरची माशी वारत होता. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"शेठजी, ते पुसायला गेले तर डोंगरच जाईल. तसंच न्यायचं असेल तर न्या. नाहीतर... राहू द्या."

शेठजींच्या कपाळाला आठी पडली. पण त्यांची लेक भिंतीला धरून खाली टेकली होती आणि चित्राकडे एकटक बघत होती.

"ताई, हे धुकं ना? याच्या पलीकडं काय आहे?"

"ते मलाही नाही दिसत."

"बरंय," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली असावी, कारण शेठजी तिच्याकडे बघतच राहिले. "घरी जी येते ती आपल्या बाळंतपणाची कहाणी सांगते. पलीकडं काय काय आहे ते सगळं सांगून टाकते. इथं कुणी काही सांगत नाही. अप्पा, हेच घ्या. हात लावू नका त्याला."

शेठजींनी चित्र स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून घेतले. उंबऱ्यात थबकून म्हणाले, "बाई, दिवाणखान्याच्या पडद्यांचं कापड उद्या रंगवायला पाठवतो." दिवाळीनंतर भावाला निरोप गेला की बहिणीला पडद्यांचे काम आहे, यायला जमणार नाही.

ओले असताना कशालाही डाग म्हणू नये. आधी वाळू द्यावे.