अर्ध्या वाक्यांची साल

त्या रानात धनेशांची बोली आटत चालली होती. बोलणारे उरले होते चारच, आणि चौघेही म्हातारे.

बोली मात्र मोठी ठसक्याची. पहिल्या शब्दाचं जे कूळ, त्याच कुळाचा तुरा मागून येणाऱ्या शब्दांच्या डोक्यावर. त्यामुळे सुरुवात ऐकली की पुढचं कसं जुळवायचं ते ऐकणाऱ्याला कळायचं; म्हणून एकाने वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि समोरच्याने पुरं करायचं, अशी रीत होती. आपलं वाक्य आपणच संपवणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा! तसं फक्त मेलेल्यापाशी, पंख मातीवर पसरून बसून बोलत, कारण तिथे उत्तर देणारा नसतो.

एकदा दूरदेशीचा करकोचा बोली लिहून घ्यायला आला. चौघांतल्या मालुंबा आजीला कोण आनंद झाला! तिची नात परक्या शाळेत जाऊन परकंच बोलायची. वाचून का होईना, पोर आपल्याशी आपल्या बोलीत बोलेल, एवढीच म्हातारीची आस होती. चार पावसाळे ती करकोच्यापाशी बसली आणि पाहुण्याचा मान म्हणून प्रत्येक वाक्य अदबीनं अर्ध्यावर सोडत राहिली. करकोचा मान डोलवायचा आणि तेवढंच झाडाच्या सालीवर लिहायचा. बिचारा लाजाळू असेल, असं तिला वाटायचं.

तोवर बाकीचे तिघे गेले. नातीने सारी साल पाठ केली आणि ती आजीपुढे येऊन बसली. आजीचा ऊर भरून आला.

"माझ्या पंखांत आता..." आजी म्हणाली आणि थांबली.

नातीनेही तेवढेच शब्द म्हणून दाखवले.

"अगं, पुढे बोल ना!"

"पुढे काय? सालीवर एवढंच आहे, आजी."

 म्हातारी तडक करकोच्याकडे गेली. "अहो पाहुणे, उरलेलं अर्धं कुठाय?"

"ते तुम्ही कधी बोललाच नाहीत, आजी."

"मी कशी बोलणार? ते तुमचं होतं!"

"असं होय? मग आता सांगा की," म्हणत करकोच्याने चोच शाईत बुडवली.

मालुंबाने तिघांच्या रिकाम्या फांदीकडे पाहिलं. मग ती खाली उतरली, सालींच्या ढिगाशेजारी पंख मातीवर पसरून बसली आणि पहिलं वाक्य आपल्याच तोंडानं पुरं केलं. मग दुसरं. मग तिसरं.

"वा, आजी!" करकोचा भराभर लिहीत म्हणाला. "आज कसं सगळं छान जमतंय!"