ड्रायव्हरनं विसरलेलं चित्र

लॅपटॉपच्या पोटातली मंडळी एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. लिनक्स या प्रणालीवर चालणारा एक लॅपटॉप झाकण मिटलं, की झोपायचा; पण झाकण पुन्हा उघडलं, की त्याचा पडदा थिजायचा. मालकीणबाई वैतागून बंद करायचं बटण दाबून धरायच्या आणि अर्धवट लिहिलेलं सगळं जायचं.

सगळे पडद्यालाच बोल लावत. पडद्याला चित्र काढून देणारा ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र मान खाली घालून बसे.

शेवटी लिनक्सचा गाभा, म्हणजेच घरचा कारभारी कर्नल, त्याच्याजवळ आला. "झोप पुरत नाही का रे?"

"पुरते हो. पण उठलो, की आधीचं चित्रच आठवत नाही. सांगायची लाज वाटते."

"अरे वेड्या, मग झोपताना माझ्याकडे ठेवायला दे की!"

त्या संध्याकाळी ड्रायव्हरनं चित्र कर्नलच्या हाती दिलं आणि निजला. सकाळी झाकण उघडलं. बाईंचं अर्धं वाक्य पडद्यावर त्यांची वाट बघत होतं.