डोमाजीचा बंब आणि बहिरा तिळ्या

आगीचा बंब घोडीने ओढायचा, तेव्हाची ही गोष्ट. साल विचारू नका. वाघजाळीत ज्याला विचाराल तो वेगळं साल सांगेल, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगेल.

वाघजाळी हे वऱ्हाडातलं कापसाचं गाव. गावाच्या एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला सरकी काढायचा कारखाना, त्याला सगळे जीन म्हणत, आणि मधून गेलेला एकच लांब अरुंद रस्ता. कापूस निघाला की घराघरात असा भरून ठेवत, की कापूस आत झोपे आणि माणसं ओसरीत. अशा गावाला एक ठिणगी पुरते. म्हणून जीनवाल्यांनी एक बंब ठेवला होता. चार चाकांवर लोखंडी टाकी, दोघादोघांनी दोन बाजूंनी खालीवर करायचा दांडा, आणि लांब कातडी नळी. पाणी वेशीतल्या विहिरीवर, म्हणून बंबही तिथेच असे. तो ओढायला गजरा नावाची घोडी होती, आणि गजरेला हाकायला डोमाजी.

एका वर्षी जिनाजवळच्या मजुरांच्या ओळीत आग लागली. वेशीत टांगलेली घंटा झाली. डोमाजीने भराभर घोडी जुंपली, पण गाव त्याच्या आधी निघालं होतं. हाताला लागेल ते भांडं घेऊन सगळे धावत सुटले आणि रस्ता माणसांनी गच्च भरला. मदतीलाच निघाले होते बिचारे, त्यांची काय खोट काढायची? पण त्यांच्यामागे बंब अडकला. त्यात धूर दिसला तशी गजरा बिथरली आणि काही केल्या पाऊल उचलेना. बंब पोचला तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. त्या ओळीत डोमाजीचंही घर होतं, आणि घरात त्याची बायको गिरजा तापाने पडून होती.

टाकी काठोकाठ भरलेली होती. तिच्यातला एक थेंबही कामाला आला नाही. लोक समजूत घालायला येत, तेव्हा डोमाजी एवढंच म्हणे, "पण पानी होतं ना." त्या दिवसापासून त्याला दुसरं काही नको होतं. बंब पुन्हा कधी उशिरा पोचू नये, एवढी एकच गोष्ट त्याने मनाशी धरली. पण रस्ता तोच, गर्दी तीच आणि घोडीही तीच. करणार काय?

जिनाच्या इंजिनावर त्या काळी एक गोरा साहेब होता. त्याने आगबोटीतून एक कुत्रा आणला होता. पांढरंशुभ्र अंग आणि त्यावर काळे ठिपके, जणू सुपातले तीळ सांडलेत. दिसायला देखणा, पण साहेब त्याच्यावर सदा चिडलेला. शीळ घातली तरी तो येत नसे, ओरडलं तरी वळून बघत नसे. शेवटी साहेब बदलून गेला आणि कुत्र्याला टाकून गेला. जाताना खानसाम्याला म्हणाला, असल्या मुजोर जनावराला गोळी घाल.

खानसामा भला माणूस. त्याने कुत्रा आणून डोमाजीच्या तबेल्यात सोडला. "मुजोर नाही बापा, बहिरा हाय तो," म्हणाला. "जन्मापासून काहीच आयकू येत नाही त्याले. साहेबाले सांगून सांगून थकलो, पण साहेब माह्यापेक्षा बहिरा."

कुत्रा सरळ जाऊन गजरेच्या पायाशी वेटोळं करून बसला, आणि जी घोडी माशी बसली तरी थरथरायची, ती मान खाली घालून त्याला हुंगत राहिली. डोमाजीने त्याचं नाव ठेवलं तिळ्या. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून त्याने एक युक्ती काढली. जमिनीवर पाय दोनदा आपटायचा. जमीन हलली की तिळ्याला कळे आणि तो येई. खानसामाही साहेबामागे गाव सोडून गेला, म्हणून बहिरेपणाची ही गोष्ट त्या दोघांतच राहिली. लोकांना वाटे, डोमाजीला पाय आपटायची खोडच आहे.

पुढे पाटलाच्या गोठ्याला आग लागली, तेव्हा गावाने पहिल्यांदा तिळ्या काय आहे ते पाहिलं. गजरा जुंपली, तिचे खूर वाजले, आणि तिळ्या उठून तिच्यापुढे धावू लागला. रस्त्यात नेहमीसारखी गर्दी. तिळ्या भुंकत थेट तिच्यात घुसला. ज्याची टाच मधे आली त्याच्या टाचेला त्याने दात लावले. लोकांनी शिव्या दिल्या, पण त्याला ऐकूच येत नव्हत्या, मग तो कशाला थांबतोय? माणसं पटापट भिंतींना चिकटली आणि मधोमध वाट झाली. आणि धूर दिसल्यावर पाठ फिरवणारी गजरा त्या ठिपक्यांच्या पाठीवर नजर लावून सरळ आगीपर्यंत चालत गेली. गोठा वाचला. बारा बैल वाचले.

मग काय विचारता! तिळ्याचं नाव पंचक्रोशीत झालं. असं म्हणतात की घंटेआधी तो उठून उभा राही, कारण धुराचा वास त्याला दोन कोसांवरून येई. असं म्हणतात की तो गावात आला तेव्हा पांढराफटक होता, आणि विझवलेल्या प्रत्येक आगीची एक ठिणगी त्याच्या अंगावर ठिपका होऊन राहिली. आम्ही तर असंही ऐकलंय की तो एकाच वेळी दोन आगींवर दिसला होता. पाहणारे कोण होते, ते मात्र कोणी सांगत नाही. एवढं खरं, की त्यानंतर तीन वर्षं वाघजाळीत आगी लागल्या, पण माणूस एकही गेला नाही. घंटा झाली की लोक आपणहून भिंतीला लागू लागले.

चौथ्या वर्षी दसरा आला. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. नांगर, विळे, करवती, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि पूजेला मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाही. गाव म्हणालं, यंदा बंबाची पूजा करू, तिळ्याची करू. डोमाजीलाही भरून आलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने टाकी रिकामी केली, आतून घासली, बाहेरून गेरू लावला, चाकांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. टाकी रिकामी कशी ठेवायची, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. "एका दिवसानं काय होते?" असं तो स्वतःशीच म्हणाला. चूक गावाची म्हणा, त्याची म्हणा, पण ती मायेपोटी झाली.

संध्याकाळ व्हायच्या आधी पुरुष मंडळी वाजतगाजत वेशीबाहेर सोनं लुटायला गेली. गजराही झूल घालून मिरवणुकीत होती. बायका घरोघरी थांबल्या होत्या. माणसं सोनं घेऊन आली की त्यांच्या पायांवर पाणी घालायचं आणि ओवाळायचं, म्हणून दारोदारी घागरी, तांबे आणि तबकं मांडलेली. तिळ्या कपाळाला कुंकू लावून बंबाजवळ बसला होता आणि त्याच्यापुढे पुरणपोळी होती.

जिनाजवळच्या ओळीत कौतिका नावाची बाळंतीण होती. मुलगी पाच दिवसांची. बाजेखाली शेकाची शेगडी आणि बाजूच्या खोलीत नव्या वेचणीचा कापूस. सासू आंब्याचं तोरण लावायला दारात गेली आणि दाराशी कोणीतरी बोलत उभं राहिलं, तेवढ्यात शेगडीतला निखारा फुटला आणि ठिणगी कापसात जाऊन पडली. कापूस आधी पेटत नाही, तो आतल्या आत धुमसतो. सासूला धूर दिसला तेव्हा आतलं दार आगीने अडवलं होतं.

अजून कोणी ओरडलंही नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिळ्याने पुरणपोळी टाकली आणि वेशीबाहेर धाव घेतली. ऐन पूजेत तो शिरला आणि त्याने डोमाजीचं धोतर दातात धरून ओढलं. लोक हसले. डोमाजी हसला नाही. त्याने गावाकडे वळून पाहिलं. जिनाच्या बाजूला धुराची रेघ उभी राहिली होती.

गजरेला घेऊन तो बंबाशी पोचला तेव्हा भिकाजी गुरव आडवा आला. "डोमाजीभाऊ, पूजेवरचा हाय तो. उद्यापावतर हलवता येत नाही."

"देवाले काय सांगायचं ते मी सांगतो," डोमाजी म्हणाला आणि त्याने माळा ओरबाडून काढल्या. गजरेला जुंपलं. टाकीवर चढला आणि झाकण उघडलं. आत ओल होती, पाणी नव्हतं. विहिरीतून पोहऱ्याने भरायची तर अर्धा तास हवा. गिरजा गेली त्या वेळी भरलेली टाकी घेऊन तो उशिरा पोचला होता. आज वेळेवर पोचेल तर टाकी कोरडी.

तेवढ्यात त्याला रस्ता दिसला. तिळ्या पुढे निघालेला पाहून बायका सवयीने भिंतींना लागल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पायाशी पाणी होतं.

"मायबायनो, टाकी रिकामी हाय!" डोमाजी ओरडला. "पानी टाका, बायनो, पानी टाका!"

पहिल्या दारात पाटलीणबाई होती. तिने घागर उचलली आणि टाकीत रिकामी केली. दुसरीने केली, तिसरीने केली. म्हाताऱ्यांनी तांबे ओतले, लेकीबाळींनी लोटे ओतले. घाई करावी तर टाकी कोरडी, पाणी घ्यावं तर उशीर. डोमाजीचा जीव नुसता वरखाली होत होता. हात लगाम खेचत होते आणि मन पुढे पळत होतं. पण असं म्हणतात की त्या दिवशी चाल तिळ्याने ठरवली. एकेका दारापुढे तो श्वासभर थांबे, तो थांबला की गजरा थांबे, पाणी पडे, आणि तो पुढे निघे. त्याला हे कोणी शिकवलं? तांब्यातांब्याने कुठे बंब भरतो? तरी असं म्हणतात की वेशीतून कोरडा निघालेला बंब जिनाजवळ पोचला, तेव्हा झाकणातून पाणी उसळत होतं.

मागून धावत आलेल्या गड्यांनी दांडा धरला. पाण्याची धार दारावर पडली, आग थोडी मागे सरली, आणि तिळ्या आत घुसला. त्याच्यामागे डोमाजी. धुरात काही दिसत नव्हतं, फक्त पुढे ठिपक्यांची पांढरी पाठ. ती बाजेपाशी थांबली. कौतिका मुलीला पोटाखाली घेऊन पालथी पडली होती. डोमाजीने दोघींना उचललं आणि बाहेर आणून सासूच्या हवाली केलं. वळून बघतो तर तिळ्या मागे नव्हता. तो आत बाजेभोवती हुंगत फिरत होता, आणखी कोणी राहिलंय का ते बघत. वरचं आढं करकरत होतं.

"तिळ्या! तिळ्या, ये!" बायका ओरडल्या, गडी ओरडले. तो वळेना.

"अवो, असा काहून करते हा? आयकत काहून नाही?" सासू रडत म्हणाली.

"त्याले आयकू येत नाही, माय. कधीच येत नव्हतं," डोमाजी म्हणाला. एवढं बोलून तो पुन्हा उंबऱ्याच्या आत गेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने पाय जमिनीवर आपटला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

तिळ्याने मान वर केली. एका उडीत तो दारात आला, आणि त्याच्यामागे आढं कोसळलं.

आग विझली. पाच दिवसांची मुलगी जोरजोरात रडत होती. ज्याची एवढी कीर्ती गात होते, त्याला काही ऐकूच येत नव्हतं, हे पचायला गावाला वेळ लागला. डोमाजी रस्त्यातच खाली बसला, कुत्र्याच्या गळ्यात हात टाकले, आणि गिरजा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडला. त्या रडण्यात दुःख थोडं होतं आणि सुटकाच जास्त. भिकाजी गुरवाने आपल्या हातातलं सोनं आधी तिळ्यापुढे ठेवलं आणि मग डोमाजीला दिलं.

पुढे पुष्कळ वर्षं ते तिघं वाघजाळीत राहिले. मग आधी गजरा गेली, मग तिळ्या गेला, मग डोमाजी. असं म्हणतात की डोमाजी गेला त्या दिवशी वेशीतल्या घंटेला कोणी हात लावला नव्हता, तरी ती वाजली, आणि लोक काही न विचारता भिंतींना लागले. कोणाला वाट करून द्यायची ते सगळ्यांना कळलं होतं.

आता वाघजाळीत लाल मोटारीचा बंब आहे. तो दसऱ्याला कोणी धुऊन सजवत नाही, त्याला माळ घालत नाही, आणि त्याची टाकी तर मुळीच उपसत नाही. सोनं लुटायला जायच्या आधी गावातली प्रत्येक घरधनीण एक तांब्या पाणी घेऊन वेशीत येते. पहिला मान पाटलाचा नाही, सरपंचाचाही नाही. गावात सगळ्यात शेवटी जी बाळंत झाली असेल तिचा. ती आली नाही, तर तिचा तांब्या तिची सासू आणते. टाकीला खालून पाइपाने पाणी भरलेलंच असतं, तरी हा तांब्या वरून, हाताने ओततात. ओतताना ती बाई मोठ्याने म्हणते, "डोमाजीबाबा, टाकी भरली. आता तुम्ही बसा."