महाराजांच्या पायांचे मलम

एका राज्यात असा रिवाज होता, की जे राजाने करायचे ते राजाच्या नावाने दुसऱ्याने करावे. राजाचा उपास राजपुरोहित करी, आणि राजा चारी ठाव जेवून पुण्य घेई. राजाचा नवस सेनापती अनवाणी फेडी. राजाला पडसे झाले, की कडू काढा प्रधान पिई. याला प्रतिपुरुषाचा रिवाज म्हणत. तो इतका जुना होता, की त्यात काही वावगे आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नसे.

राजाचे नाव धीरवर्मा. उभ्या जन्मात त्याने स्वतःच्या हाताने उचललेली वस्तू एकच, आणि तीही चोरीची. हिमाच्या डोंगरापलीकडे धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत असे. राजा त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला, तिथली सोन्याची शेगडी त्याच्या डोळ्यांत भरली, आणि निघताना त्याने ती शालीखाली दडवून आणली. एवढ्या एका कामाला मात्र महाराजांना प्रतिपुरुष आठवला नाही.

मग धूम्रकेशाचा शाप धुराच्या रूपाने आला आणि भर दरबारात बोलला, "राजा, ज्या हातांनी शेगडी उचललीस, त्याच हातांनी ती माझ्या दारात आणून ठेव. पायी ये. तू ती घेऊन चालू लागेपर्यंत तुझ्या राज्याची ऊब तिच्या पोटात जाईल, आणि तुझ्या राज्यात जन्मेल ते मूल रडणार नाही."

तसेच झाले. हिवाळा आला तो हलेना. चुलीत जाळ दिसे, पण एक भाकरी भाजता भाजता सकाळची दुपार होई. आडात दोर सोडला, की घागर बर्फावर आपटे. आणि जी मुले जन्मली ती मिटल्या डोळ्यांनी पाळण्यात पडून राहिली. श्वास चाले, पण दूध घेत नसत, वाढत नसत, रडत नसत. त्या राज्यात बाळ रडल्याशिवाय त्याचे नाव ठेवीत नसत. म्हणून घरोघरी बिननावाची मुले झाली.

राजाची थोरली लेक सुमेधा. तिलाही अशीच मुलगी झाली. ती दिवसभर पाळण्याशी बसे आणि बाळाचे तळवे चोळी. तळवे गारच राहत. धाकटी लेक तेजोमती दारात उभी राहून हे पाही, आणि तिच्या पोटात आग उठे. अख्ख्या राज्यात तेवढीच काय ती आग उरली होती.

प्रधानाने दरबारात विचारले, "महाराजांनी पायी जायचे आहे. महाराजांच्या नावाने कोण जाईल?"

तेजोमती उठली. "मी जाईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शाप सगळ्यांनी कानांनी ऐकला होता, शब्द साधे होते, तरी एकालाही खटकले नाही. तेजोमतीलाही नाही. ती त्याच घरात वाढलेली.

आता राजाच्या नावाने जायचे, तर सामानही राजाचे हवे. सेवकांनी गाठोडे बांधले. त्यात शेगडी घातली, आणि शेगडीवर महाराजांची मखमली उशी, पानदान, अत्तरदाणी, चवरी, चांदीचा तांब्या आणि जरीच्या मोजड्यांचे दोन जोड. तेजोमतीच्या वाट्याला एक घोंगडी, थोड्या भाकऱ्या, गूळ आणि सुके खोबरे. चामड्याच्या पट्ट्यांनी ते सारे तिच्या पाठीवर चढवले तेव्हा ती दोन पावले मागे गेली.

सुमेधाने आपली पाळलेली साळुंकी तिच्या खांद्यावर ठेवली. "ही बोलते. रोज सांजेला तुला बाळाची खबर सांगेल. पण विचारशील तेवढंच सांगेल, हं. तिचा स्वभावच तसा."

"ताई, तुझी लेक रडेल," तेजोमती म्हणाली. "शेजारपाजार हैराण होईल इतकी रडेल."

वेशीबाहेर गुडघाभर बर्फ होते. तेजोमती निघाली ती तरातरा, आणि पहिल्याच चढणीला तिला घाम फुटला. ती दम खायला थांबली, तसा घाम अंगावरच गोठला. पट्टे खांद्यात रुतले. टाचेला फोड आला, तो फुटला, त्यावर दुसरा आला. पाठीवर सोन्याची शेगडी, आणि पाठीला उबेचा लवलेश नाही! वर चालेल तसे ओझे जड होत होते. थकव्यामुळे असेल असे तिला वाटले.

दुपारी तिने गाठोडे उतरवले आणि महाराजांची उशी दरीत भिरकावली. मग पानदान. मग अत्तरदाणी, चवरी, तांब्या आणि एकेक करून चारही मोजड्या. प्रत्येक वस्तूबरोबर तिने एकेक शिवी दिली. राजकन्येला इतक्या शिव्या येतात हे तिलाही तेव्हाच कळले. गाठोडे पुन्हा उचलले तर रेसभरही हलके झाले नव्हते.

वाटेत नदी आडवी आली. नदी बोलली, "जोडे काढ. माझ्यातून चालत जा."

वरचे बर्फ पातळ होते. तेजोमतीने जोडे गळ्यात अडकवले, बर्फ फोडले, आणि कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेली. पाय आपले आहेत की दुसऱ्याचे, हे तिला बराच वेळ समजेना. मागे वळून तिने विचारले, "झालं?"

नदी काही बोलली नाही.

सांजेला साळुंकी येऊन खडकावर बसली.

"बाळ?" तेजोमतीने विचारले.

"गप्प आहे. आणखी काही विचारायचं आहे?"

"नाही."

तिने भाकरी दाताखाली धरली तर दगड. गुळाचा खडा गालात धरून ती कपारीत घोंगडी लपेटून पडली. सकाळी घोंगडीवर तिच्याच श्वासाचे दहिवर जमले होते आणि जोडे लाकडासारखे ताठ झाले होते. ते मांडीखाली धरून मऊ करावे लागले. बोटांना गाठ सुटेना, म्हणून पट्टे दातांनी ओढावे लागले. नाक गळत होते, ते पुसायला कोरडे फडके नव्हते. परत फिरावे असे तिला वाटले, आणि तसे वाटल्याचा तिला भयंकर संताप आला.

पुढे खिंड लागली. खिंडीतला वारा बोलला, "पांघरूण दे. उघड्या अंगाने माझ्यातून जा."

तेजोमतीने घोंगडी सोडली. वाऱ्याने ती आभाळात नेली. ओणवे होऊन, हातांनी बर्फ धरीत धरीत ती खिंड चढली. मुंगीच्या पावलांनी चालणे म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी उमगले. माथ्यावर पोचून ती ओरडली, "झालं? आता तरी झालं?"

वारा गप्प. आणि गाठोडे अधिकच जड.

सांजेला साळुंकी आली. तेजोमतीने बाळाचे विचारले. "बाळ गप्प आहे. आणखी काही विचारायचं आहे?"

"नाही म्हटलं ना!"

खिंडीपलीकडे काळ्या शिळेचे दार होते. मांत्रिकाचा मुलूख तिथून सुरू होई. त्यापुढची वाट अजून महिनोन्‌महिन्यांची. तेजोमती दारापाशी पोचली तेव्हा तिच्या खांद्यांवरून रक्त येत होते. शिळा बोलली, "हात दाखव."

तिने हात पुढे केले. बोटे सुजून निळी पडली होती, नखे फुटली होती.

शिळा म्हणाली, "हे ते हात नव्हेत."

"मी राजाच्या नावानं आले आहे. नदीतून आले. खिंड चढले. तुला आणखी काय हवं?"

"नदीने पाय पाहिले. ते राजाचे नव्हते. वाऱ्याने पाठ पाहिली. ती राजाची नव्हती. नाव चालत नसते, मुली. ज्याचे ओझे त्याच्यापासून लांब नेशील तेवढे ते जड होईल. परत जा."

दार बंदच राहिले. तेजोमती तिथेच बर्फात बसली. इतक्या वेदना, आणि खात्यावर शून्य! साळुंकी येऊन गाठोड्यावर बसली, पण तेजोमतीने बाळाचे विचारलेच नाही. आज तिने दुसरेच विचारले.

"महाराज काय करतात?"

"महाराज लोडाला टेकून बसले आहेत. राजवैद्य त्यांच्या पायांना मलम लावतो आहे."

"मलम? कशाला?"

"पहिल्या दिवशी महाराज नदीतून गेले ना, म्हणून. काल महाराजांनी खिंड सर केली, तेव्हा नगारे वाजले. आज खांदे शेकले. भाटांनी कवन रचलं आहे. महाराजांना त्यातली बर्फाची कडवी फार आवडली. ती म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

तेजोमतीने साळुंकीकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"तू विचारलं नाहीस."

तेजोमती उठली. तिने गाठोडे खांद्यावर मारले आणि आल्या वाटेने उलटी निघाली. खिंड उतरली, नदी ओलांडली, दोघींकडे ढुंकून पाहिले नाही. दर कोसाला गाठोडे हलके होत गेले आणि तिचा राग वाढत गेला. वेशीत शिरली तेव्हा पाठीवर शेगडी आहे की रिकामी टोपली, हेही कळत नव्हते. रस्त्यातले लोक तिला वाट देत मागे सरले. अशा चेहऱ्याला कोण अडवणार!

दरबारात राजाचे दोन्ही पाय चौरंगावर होते, आणि राजवैद्य घोट्याला मलम चोळत होता. तेजोमतीने गाठोडे राजापुढे आदळले. मग जोडे ओढून काढले. फोडांची कातडी जोड्यांबरोबर निघाली.

"राजवैद्य, फोड कुठे आहेत ते बघून मलम लावत जा," ती म्हणाली.

राजवैद्याने मान खाली घातली. धीरवर्मा दचकून म्हणाला, "कन्ये, आम्ही इतक्या लवकर परत आलो?"

"तुम्ही गेलाच नव्हता, तात. उठा. शेगडी उचला."

"आम्ही?" राजाला खरोखरच समजले नाही. "आम्ही कधी काही उचललं आहे का?"

"उचललीत. हीच. शालीखाली."

प्रधान पुढे आला. "राजकन्ये, रिवाज मोडता येणार नाही. महाराजांच्या नावाने दुसऱ्याने..."

"मीही तेच म्हणते," तेजोमती म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तो जास्त भयंकर होता. "महाराजांच्या नावानं मी नदीत उतरले, तर महाराज भिजले. महाराजांच्या नावानं मी खिंड चढले, तर नगारे महाराजांचे. शेगडी पोचेपर्यंत मी महाराजांची प्रतिपुरुष. हे तुम्हीच ठरवलंत ना, प्रधानजी?"

"ठरवलं," प्रधान म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

"मग महाराजांच्या नावानं मी आज्ञा देते. या माणसाला उठवा. हे ओझं त्याच्या पाठीवर बांधा."

शिपायांनी प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने रिवाजाकडे पाहिले, आणि रिवाजात पळवाट नव्हती. आजवर ज्याने ज्याने दुसऱ्यासाठी उपास काढला, काढा गिळला, नवस फेडला, तो तो त्या क्षणी शिपायांच्या मदतीला धावला. सेनापतीने तर पट्टे स्वतः आवळले.

"कन्ये, बाहेर थंडी आहे," राजा म्हणाला.

"मला माहीत आहे."

राजाने स्वतःच्या हातांनी शेगडी सावरली आणि एक पाऊल टाकले. पट्टा खांद्यात रुतला. "आई गं!" राजा कळवळला.

आणि वरच्या महालातून रडणे ऐकू आले.

साधेसुधे रडणे नव्हते ते. इतके दिवस थंडीत ठेवले, दूध दिले नाही, नाव दिले नाही, याचा सगळा जाब एकदम मागणारे ते रडणे होते. सुमेधा लेकीला उराशी धरून जिन्यावरून धावत आली. बाळ लालबुंद झाले होते, मुठी आवळल्या होत्या, पाय झाडत होते. तेजोमतीने आपल्या सुजलेल्या बोटांनी त्याचा तळवा धरला. तळवा कढत होता. तेव्हा कुठे तेजोमतीला रडू फुटले.

राजा वेशीकडे चालत गेला. तो ज्या ज्या घरावरून जाई, त्या त्या घरातले मूल रडू लागे. साळुंकी त्याच्याबरोबर गेली आणि रोज सांजेला खबर आणू लागली. दरबार विचारी, "महाराजांनी नदी ओलांडली?" साळुंकी सांगे, "पाय बुडवला. ओरडले. परत बुडवला." पुढे शिळेचे दारही उघडले, आणि शेगडी धूम्रकेशाच्या दारात पोचली. बर्फ वितळत गेले, आडांतून घागरी भरून येऊ लागल्या, भाकऱ्या फुगू लागल्या, पाळण्यांना नावे मिळाली. सुमेधाने लेकीचे नाव ज्वाला ठेवले.

आंब्याला मोहोर आला तेव्हा धीरवर्मा परतला. हात रिकामे, खांदे सोललेले, टाचा फुटलेल्या. तो सिंहासनाकडे गेला नाही. लेकीसमोर जमिनीवर बसला, वाकून आपले जोडे आपण काढले, आणि पायांकडे पाहत राहिला. राजवैद्य डबी घेऊन धावला.

तेजोमतीने डबी त्याच्या हातून घेतली आणि बापापुढे ठेवली.

"तुमचं तुम्ही लावा," ती म्हणाली.

राजाने मलम लावले. प्रतिपुरुषाचा रिवाज त्या दिवशी मोडला. ज्याचे ओझे त्याच्या पाठीवर गेले, आणि ही कथाही इथे खांद्यावरून उतरली.