धुनीत गेलेल्या गोळ्या

इस्वास ठेवू नगंस हां. माजा येक सबूदबी खरा मानू नगंस. आजवर किती जनांस्नी फशिवलंय मी, गावात कुनालाबी इचार.

तर...

"बुवा, हे व्यसन न्हाई तर काय हाय?" सर्जेराव म्हनला.

त्येच्या मुठीत गोळ्यांची डबी. म्होरं वाकळंवर पडल्यालं कोंडीबुवा, टेकावरच्या मठाचं म्हातारं. कंबरंच्या हाडात कॅन्सर उतरल्याला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डागदरीनबाईंनी मॉर्फिन लावून दिल्यालं. दर चार तासाला येक गोळी.

"अवशद हाय, बाबा."

"अफूपास्नं करत्यात. मी इचारून आलोय."

"मग बरूबर इचारलंस."

"तीन म्हैनं झालं. येक डाव चुकत न्हाई तुमचा."

"तुजं जेवान तरी कुटं चुकतंय रं?"

सर्जेराव हसला न्हाई. त्यो हसायचाच न्हाई. बुवांचा पट्टशिष्य ना! दारू सोडल्याली, तमाकू सोडल्याली, च्या सुदीक सोडल्याला, आन दुसऱ्याचंबी सोडवत फिरायचा. त्यो टेक उतरताना दिसला की बाप्ये चंची धोतरात कोंबायचे. बाया मिशरीचं बोट पदरात लपवायच्या आन तोंड घट्ट मिटून नुसतीच मान हालवायच्या.

मठाची येक रीत हुती. आवसंला, ज्येला व्यसन सोडायचंय त्येनं ते धुनीत टाकायचं, राख कपाळाला लावायची आन मागं न बघता टेक उतरायचा.

त्या दिशी आवस हुती.

"तुमच्यानं हुयाचं न्हाई," सर्जेराव म्हनला. "तुमच्या वतीनं मी टाकतो."

आन टाकली. डबी, गोळ्या, समदं. पत्रा तडतडला. मग चिमटीनं राख घिऊन त्येनं बुवांच्या कपाळाला लावली.

बुवा धुनीकडं बघत ऱ्हायलं.

"आज वार कंचा?"

"आयतवार."

"म्हंजी दवाखान्याची अवशदाची खिडकी उद्याच उघडंल..." बुवा म्हनलं. "मग आज घरला जाऊ नगंस, सर्जा. हितंच ऱ्हा."

सोमवारी सकाळी बुवा थरथराय लागलं.

नाक गळतंय, डोळं गळत्यात. जांभईवर जांभई. घामानं वाकळ भिजली, तरी आंगावर काटा. पोट सुटल्यालं. सर्जेरावानं पाच येळा उचलून भाईर न्हेलं, धुतलं, आनून निजीवलं. त्यात कंबरंचं दुखनं परत आल्यालं. बुवा दात चावून पडल्यालं, पर गोळीचं नाव तोंडात न्हाई.

सहाव्या येळंला सर्जेराव फुटला.

"बगा! बगा की आपल्या आंगाकडं! बाटली न्हाई घावली की माजा बा बी आसाच थरथरायचा. आसाच घाम यायचा. त्यो गेला बुवा, माज्या मांडीवर गेला... आन आता तुमीबी त्याच वाटंनं."

हे हुतं त्येच्या पोटात. तवा कुटं बुवांस्नी कळलं.

"हिकडं ये. बस."

बसला.

"आंग सारकंच रडतंय, सर्जा. त्येला दारू काय नि अवशद काय. सवय लागली आन येकदम तोडली, की रडतंय."

"मग फरक काय ऱ्हायला?"

"तुजा बा बाटली कुटं ठेवायचा?"

"वैरनीत. पिठाच्या डब्यात. येकदा... येकदा माज्या दप्तरात."

"आन माजी डबी?"

"कोनाड्यात. दिव्यापाशी."

"बा पिऊन कुटं जायचा?"

"कुटं न्हाई. घरातच आसायचा. आसायचा आन नसायचा."

"आन गोळी घेतली की मी कुटं जातो?"

सर्जेरावाची नजर दाराभाईरच्या पाटाकडं गेली.

गोळीनं दुखनं जरा दबलं की बुवा भिंतीला धरून भाईर यायचं. उनात पाट मांडायचं. वाडीत ज्या म्हाताऱ्यांचं हात चालत न्हाईत, त्येंच्या दाढ्या करायला बसायचं. मूळचा धंदा त्योच. दाढी करता करता सुनांच्या चुगल्या आयकायचं आन म्हाताऱ्यांस्नीच दटवायचं. सर्जेरावानं हे रोज बगितल्यालं.

"बुवा..."

"हूं."

"मी जाऊन येतो."

फटफटीवर टांग मारली आन तालुक्याला गेला. सदऱ्यावरची राखबी झटकली न्हाई.

डागदरीनबाई वरडल्या न्हाईत. त्येचा अवतारच तसा झाल्याला.

"ही अशी एकदम तोडायची नसते हो," त्या म्हनल्या. "उद्या दुखणं कमी झालं तर मीच हळूहळू कमी करत आणीन. शरीराला सवय होणं वेगळं आणि माणूस वाहून जाणं वेगळं. जास्त मागतात का ते?"

"न्हाई."

"लपवून घेतात?"

"न्हाई जी."

"गोळीपायी माणसं तोडलीत?"

सर्जेरावानं मानंनंच न्हाई म्हनलं.

"मग जा लवकर. वाट बघत असतील."

दुपार टळता टळता त्यो टेक चढून आला. बुवांचं डोकं मांडीवर घेतलं, पान्याचा तांब्या तोंडाला लावला आन दोन गोळ्या म्होरं धरल्या.

"दोन घ्या, बुवा. बिगीनं उतार पडंल."

"येक."

"माज्यामुळं इतका तरास झाला. आजच्या दिस..."

"बाईंनी येक म्हनलंय. फुडची घड्याळ बगून."

येक घेतली. दुसरी सर्जेरावाच्या हातात तशीच ऱ्हायली.

घटकाभरानं बुवांच्या बोटांची थरथर हळूच कमी झाली. दात सुटलं. मठाच्या दारात येक म्हातारा काठी टेकत येऊन हुबा ऱ्हायला, दाढी खाजवत. बुवांनी त्येला हातानंच खुनावलं, उद्या ये.

सर्जेरावानं बुवांचं पाय धरलं.

"मला काय शिक्षा द्याची ती द्या."

बुवांनी त्येनं नव्यानं आनल्याली गोळ्यांची सगळी पाकिटं उचलली. त्येच्या तळहातावर ठेवली. त्येची बोटं येक येक करून मिटवली.

"ह्या तुज्याकडं ऱ्हाऊंदेत."

"माज्याकडं? ज्येनं जाळल्या त्येच्याकडं?"

"हां. येळ झाली की दे."

सर्जेराव त्या मुठीकडं बघत बसला. मिशा सगळ्या वल्ल्या झाल्याल्या.

"बुवा... बा मागायला लागला की मी भाईरनं कडी लावून घ्यायचो. त्यो आतनं हाका मारायचा, मी कानावर हात ठेवायचो." त्येनं मूठ आवळली. "उद्या तुमी येळंआदी मागितली... तर मी काय करू?"

बुवांनी डोळं मिटलं. त्येच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"न्हाई म्हनायच्या आदी इचार... कुटं दुखतंय."

झाली माजी गोष्ट. तू जा आता. ऊठ, जा.