हिरव्या लोंब्यांची जुडी

वसईच्या बाजूला खाडीकाठी गिरवली नावाचं लहानसं गाव होतं. तिथल्या देवळात सांतानबाबा पाद्री म्हणून आले आणि गावचेच होऊन राहिले. बाबांची राहणी साधी. झगा ठिगळांचा, जेवण पेज आणि सुके बोंबील. त्यांनी आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवला की ताप ओशाळून निघून जाई, असं लोक सांगत. बाबा मात्र म्हणत, "मी नुसता हात ठेवतो. बरं करणारा वर आहे."

गिरवलीत आगेऱ्याचा सण थाटात होई. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या देवळात आणून त्यांवर आशीर्वाद घ्यायचा, मगच घरात नवा तांदूळ शिजवायचा. पहिली जुडी वेदीवर ठेवण्याचा मान अठरा घरांत पाळीपाळीने फिरे. त्या वर्षी पाळी रेमेदीनची होती. तिचा नवरा इनास या पाळीची सतरा वर्षं वाट पाहून गेल्या उपवासकाळात देवाघरी गेला होता. त्याच्या नावाने जुडी वाहायची, एवढीच तिची आस. वय साठीच्या पुढे. पुढची पाळी काही तिला दिसणार नव्हती.

पण बियाणं नेहमी इनासच काढायचा. रेमेदीनने पहिल्यांदा हात घातला तो नेमका चुकीच्या मडक्यात! लवकर पिकणारं हळवं भात राहिलं माळ्यावर आणि शेतात पडलं गरवं, जे नोव्हेंबर उजाडल्याशिवाय पिकायचं नाव घेत नाही. शेजारच्या लोंब्या पिवळ्या होऊन वाकल्या, तेव्हा तिचं भात जेमतेम निसवत होतं, लोंबी नुकती कुठे बाहेर डोकावत होती. बांधावर बसून ती पोटभर रडली.

गावचा मुकादम दुमिंग मोठा शेतकरी. पुढची पाळी त्याची, म्हणून रेमेदीनची जुडी चुकली तर मान त्याच्याकडे जाणार होता. विहिरीवर चार बायकांसमोर तो म्हणाला, "काय गं मावशी, देवाला यंदा गवत वाहणार की काय? बी ओळखता येत नाही आणि निघालीस मान घ्यायला!"

रेमेदीन तडक बाबांकडे गेली. "बाबा, देवाला सांगा ना, माझं शेत लवकर पिकव म्हणून."

बाबा म्हणाले, "सांगतो की. पण त्याने नाही म्हटलं तर?"

इनास अंथरुणावर होता तेव्हाही तिने मागितलं होतं, आणि देवाने नाहीच म्हटलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याच दारात येऊन बसली होती. दुसरं दार तिला ठाऊकच नव्हतं.

"नाही म्हटलं तर नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याच्या मनासारखं होऊ दे. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

बाबांचेही डोळे भरून आले. ते म्हणाले, "मग रविवारी शेतात जे असेल ते घेऊन ये. लाजू नकोस."

रविवारी सकाळी तिने विळा घेऊन जुडी कापली. हिरवीगार! दाणा दाबून पाहिला तर बोटाला पांढरं दूध लागलं. "देवा," ती म्हणाली, "पिकवलंस तरी तुझं, हिरवं ठेवलंस तरी तुझंच. इनासच्या नावाने घे." आणि काय सांगावं, महिनाभराचं छातीवरचं ओझं तिथेच उतरलं.

देवळात तिला पाहून खसखस पिकली. मुकादम आपली पिवळीधम्मक जुडी घेऊन तयारच होता. पण बाबांनी रेमेदीनची जुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वेदीवर ठेवून लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर रिवाजाप्रमाणे जुडीतली एकेक लोंबी प्रत्येक घराला दिली.

मुकादमाने आपली लोंबी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "बघू तरी, देवाने काय खाल्लं ते!" म्हणत त्याने नखाने एक दाणा सोलला. आत पांढराशुभ्र, टणक तांदूळ! त्याने दुसरा सोलला, तिसरा दाताखाली धरला. तो कट्कन मोडला. वरचं टरफल मात्र हिरवंच होतं. लोक आपापल्या लोंब्या सोलू लागले. एकही दाणा पोकळ निघाला नाही.

मुकादम धावत रेमेदीनच्या शेतावर गेला. तिथली लोंबी चुरडली तर बोटांना दूध लागलं. तो धापा टाकत परतला. "मावशी, शेत तर अजून कच्चं आहे! मग देवाने सगळंच का नाही पिकवलं?"

रेमेदीन रडत होती आणि हसतही होती. "अरे, घाई मला होती, शेताला कुठे होती? ते पिकेल आपल्या वेळेला. माझ्या इनासची जुडी पोचली. आता आणखी काय मागू रे त्याच्याकडे? किती दिलं त्याने!"

आपली पिवळी जुडी खाली ठेवून मुकादम गुडघ्यांवर बसला आणि त्याने रेमेदीनच्या पायांशी, देवळाच्या फरशीवर कपाळ टेकलं.

"मावशी," तो म्हणाला, "मला असं मागायला शिकव."